पाल्याखालचं बेणं

गोरेगाव खेड्यातल्या मनकर्णाबाईची सून पुनम. नवरा बालाजी हळदीच्या वावरात राबायचा, आन ही ओसरीवर कॉम्पुटर मांडीवर घेऊन बसायची. नोकरी पुण्याच्या कंपनीतली, पन बसनं इथंच. कुनी इचारलं, “काय काम करती गं तुजी सून?” की मनकर्णाबाई ऐटीत सांगायची, “येंत्रानं कसं वागायचं ते लिहून देती.” शेजारची मिराबाई लगेच म्हनायची, “मंग आमच्या म्हाताऱ्यासाठी बी दोन वळी लिहून दे म्हना की!”

पन काम खरंच तसं व्हतं. कंपनीच्या कॉम्पुटरात प्रोग्राम चालतेत. एकेक प्रोग्राम त्याच्या समद्या सामानासकट एकेका डब्यात भरतेत. आपन वावरात जाताना भाकर, कोरड्यास, मीठ-मिरची एकाच फडक्यात बांधतो ना, तसं. त्या डब्याला कंटेनर म्हनतेत. असे डबे शेकड्यानं. ते चालू करायला, थांबवायला, काढून टाकायला येगयेगळी अवजारं. आदी ती मानसं वापरायची, आता एआय एजंट वापरतो. त्यो बी प्रोग्रामच, मानूस न्हाई, पन अवजार कसं वापरायचं त्याचं पान वाचतो आन वाचल्याबराबर कामाला लागतो. ते पान पुनम लिहायची.

तिथंच ती फसली. साहेबानं चाचणी घेतली, एजंटाला सांगितलं, जागा मोकळी कर. पुनमच्या पानावर व्हतं, बंद पडलेले जुने डबे काढून टाका. त्यानं सपासप समदे काढले. त्यातले दोन मुद्दाम बंद ठेवलेले, पोटात नोंदी असलेले. त्या बी गेल्या. नशीब, चाचणीपुरत्याच नोंदी व्हत्या, खऱ्या न्हाईत.

पुण्याचा स्वानंद साहेब मानूस चांगला, पन बोलला सरळ. “पुनम, एजंट चुकला नाही. तुम्ही लिहिलं तसंच त्याने केलं. सोमवारी अकराला पुन्हा चाचणी. नाही जमलं, तर सहा महिने इथे येऊन आमच्यासोबत बसावं लागेल.”

सहा महिने! लेक निलम तीन वर्षांची, आईच्या ओढणीचं टोक मुठीत धरल्याबिगर झोपायची न्हाई. बालाजीला वावर सोडून जाता येत न्हाई. त्यानं माळ्यावरची बॅग काढून झटकून खाली ठेवली. ती बॅग बघून पुनम ताटावरनं उठली. बसली लिहीत. चार पानांची चोवीस पानं केली. एजंटाला वाचायला दिली, तर त्यो आनखीनच गोंधळला. डबा थांबवायचा तिथं काढून टाकायचं अवजार उचलू लागला.

शनवारी सकाळी आंगनात भिकाबाई कामाला आली. नवीन बाई. तिच्या म्हायेरी-सासरी कापूस अन् सोयाबीन, हळद कवा लावलेलीच न्हाई. मनकर्णाबाई जाता जाता म्हनली, “आंगन झाडून घे, पाचोळा उकिरड्यावर टाक,” आन बाजाराला गेली.

लिंबाखाली एक ढीग व्हता, वरून वाळला पाला. आता हळदवाल्या घरचं शेंबडं पोरगं बी सांगेल, त्या पाल्याखाली पुढच्या सालचं बेणं असतंय, लावायचे हळदीचे गड्डे, गारव्याला झाकलेले. भिकाबाईला काय ठावं? तिनं पाट्या भरल्या. दुसरी पाटी उकिरड्यावर गेली तवा पुनमनं बघितलं, आन ती अनवानी पळाली. “अवो बाई, थांबा! बेणं हाय ते!”

तेवढ्यात सासू बाजारातून आली, भिकाबाईवर वरडली. “काहून गं? डोळे फुटले का तुजे?”

भिकाबाई काही दबणारी न्हवती. “तुमी म्हनल्या पाचोळा टाक. वरून पाचोळाच दिसून राहिला. म्या काय त्याच्या पोटात शिरून बघू?”

मनकर्णाबाईनं बाजाराची पिशवी खाली ठेवली. मंग जरा नरमाईनं बोलली, “बरं, माजंच चुकलं. आता ऐक. झाडू फक्त मोकळ्या आंगनात, लिंबाखाली न्हाई. पाटी उचलायच्या आदी पाल्यात हात घाल. हाताला गड्डा लागला की तसंच झाकून ठेव. शंका आली तर मला हाक मार, म्या रागवनार न्हाई. बेणं एकदा सडलं की परत येत न्हाई बाई.”

“हां, असं बराबर सांगायचं व्हतं,” भिकाबाई म्हनली.

तिघींनी मिळून गड्डे येचले. समदे मिळाले, एक बी वाया गेला न्हाई. येचता येचता पुनम मधीच थांबली. “आत्याबाई, मघाशी काय म्हनल्या? परत एकदा म्हना बरं!”

चोवीस पानं तिनं बाजूला टाकली. एकेका अवजाराला आठ-दहा वळी. हे काय करतं, काय करत न्हाई. कवा हे घ्यायचं, कवा दुसरं. उचलायच्या आदी काय बघायचं. गेलं तर परत येतं का न्हाई. आन कुठं थांबून मानसाला इचारायचं. लिहिलं तसं भिकाबाईला वाचून दाखवलं.

“‘जुना डबा’ म्हंजे किती जुना?” भिकाबाईनं इचारलं. “माजा नवरा बी जुनाच हाय, टाकू का?”

पुनम हसली, आन खोडून लिहिलं, तीस दिवसांपासून बंद असलेला.

सोमवारी अकराला चाचणी. समदं घर ओसरीवर जमलं. एजंटानं आदी यादी केली. रिकामे डबे काढले. साहेबानं मुद्दाम परत ठेवलेल्या दोन डब्यांपाशी आला आन थांबला. पडद्यावर अक्षरं उमटली. पुनमनं मोठ्यानं वाचली, “या दोन डब्यांत नोंदी आहेत. काढल्यास परत येणार नाहीत. काढू का?”

फोनवर स्वानंद साहेब हसला. “झालं, पुनम. पुण्याला यायची गरज नाही. बाकीची पानंही अशीच लिहा, तिथूनच.”

पुनमनं कॉम्पुटर खाली ठेवला आन दोनी हातांनी तोंड झाकलं. रडू का हसू, तिचं तिलाच कळंना. मनकर्णाबाईनं पाठीवरून हात फिरवला. “इचारलं का त्यानं? मंग शाना हाय.”

“म्या पन शानीच व्हते,” भिकाबाई आंगनातून वरडली, “मला कुनी सांगितलं न्हवतं!”

बालाजीनं हसत बॅग उचलली, माळ्यावर टाकायला.

“थांब रे,” मनकर्णाबाई म्हनली. चेन उघडून आत हात घातला. निलमची बाहुली निघाली. पोरीनं आईसंगं जायची आपली बी तयारी करून ठेवली व्हती.

बाहुली लेकराच्या हाती दिली, मंगच बॅग वर गेली.