लाखीशच्या बैलगाड्या

पपांना पटवायचं काम भावाने माझ्यावर ढकललं आणि मी मूर्खासारखी हो म्हणाले. तो इस्राएलला, अश्दोदमध्ये असतो, मी लंडनला, हाउन्सलोमध्ये. आई गेल्यापासून पपा अलिबागजवळच्या घरात एकटेच होते. त्यांनी आता कायमचं अश्दोदला जायचं, असं आम्ही भावंडांनी फोनवर परस्पर ठरवूनही टाकलं. राहिलं होतं फक्त पपांचं हो. त्या उन्हाळ्यात ते माझ्याकडे आले होते, म्हणून ते काम माझं.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. बोट फुटून आमचे पूर्वज किनाऱ्याला लागले, असं आमच्यात घरोघरी सांगतात. पपा रिटायर्ड ड्रॉइंग टीचर. बायबल तोंडपाठ, आणि हट्टी तर असे की विचारू नका. सरळ विचारलं असतं तर सरळ नाही म्हणाले असते. म्हणून मी शक्कल लढवली. यांना म्युझियममध्ये न्यायचं. पूर्वजांचा देश डोळ्यांनी बघितला की आपोआप विरघळतील. स्वतःच्या हुशारीवर मी जाम खूश होते.

पिकॅडिली लाइनने गेलो. पपांनी पोळीभाजीचा डबा घेतलाच होता. लंडनमध्ये खायला काही मिळत नाही, असा त्यांचा ठाम समज.

त्या म्युझियममध्ये अख्खी एक खोली लाखीशची आहे. लाखीश हे ज्यूंच्या जुन्या यहूदा राज्यातलं तटबंदीचं शहर. अश्शूरच्या, म्हणजे असीरियाच्या, राजाने त्याला वेढा घातला, एवढंच बायबलमध्ये ओझरतं येतं. राजाने मात्र सगळी लढाई आपल्या महालाच्या भिंतींवर कोरून घेतली, आणि त्याच भिंती आता इथे आहेत. पुढे लाखीशला खणलं तेव्हा सैन्याने तटापर्यंत रचलेला चढ सापडला, बाणांची टोकं सापडली. ग्रंथ, भिंत आणि माती, तिघांचं एकमत. हे सगळं मी आदल्या दिवशी वाचून ठेवलं होतं आणि गाइडसारखी बडबडत होते.

“बैल फर्स्ट क्लास काढलेत,” पपा म्हणाले. “माणसांचे चेहरे मात्र सगळे एका साच्यातले. दहापैकी सहा.”

“पपा, ही आपली माणसं आहेत.”

ते चष्मा कपाळावर चढवून बैलगाड्यांसमोर उभे राहिले. गाड्यांवर बोचकी रचलेली, त्यांवर बायका-पोरं. काही बायका अनवाणी चालत निघालेल्या, डोक्यावरून पार पायापर्यंत पदर. हरलेलं शहर सामानसुमान बांधून निघालं होतं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. देश दाखवायला म्हणून आणलं होतं आणि दाखवत काय होते, तर घराबाहेर काढलेली माणसं.

“चला, वरती ममी आहेत, त्या बघू,” मी घाईघाईने म्हटलं.

“थांब गो. तुम्ही दोघं फोनवर हळू बोलता, पण माझे कान अजून शाबूत आहेत.” मग भिंतीकडेच बघत म्हणाले, “सगळेच गेले नसतील, बाय. कोणीतरी मागे राहिलंच असेल. त्याचं चित्र कोण काढणार?”

मी भिंतीवर मागे राहिलेलं कोणी दिसतंय का, ते शोधू लागले.

“तुझी आई तिकडे गावी पुरलेली आहे. सिनेगॉगची चावी माझ्याकडे आहे. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते हल्ली जमत नाहीत. पण शुक्रवारी दिवा लागतो, तो मी लावतो. मला नाही जायचं.”

मला रडू आलं, आणि स्वतःचा रागही आला. घर कुणाला विकायचं, कपाट कुणाला द्यायचं, इथपर्यंत आमचं बोलून झालं होतं. पपांना कोणी विचारलंच नव्हतं.

घरी आल्यावर भावाला फोन केला. पपा येत नाहीत, म्हटलं, आणि आता त्यांना परत विचारायचं नाही.

“तू त्यांना दाखवलंस तरी काय?” तो वैतागला.

“घर सोडून जाणारी माणसं,” मी म्हटलं. “माझीच अक्कल.”

पपा अलिबागला परतले. आता दर शुक्रवारी सिनेगॉगमधून त्यांचा व्हिडिओ कॉल येतो. तिथे सूर्य मावळायला आलेला असतो, इथे भर दुपार असते. त्यांना फोन नीट धरता येत नाही, त्यामुळे ते स्वतः कधीच दिसत नाहीत. छत दिसतं, आणि दिवा. ऑफिसच्या किचनमध्ये उभी राहून मी तो लागेपर्यंत बघत राहते.