पावणे गेल्यावर

वरची खोली आत्याबाईंसाठी बांधली होती, हे आधीच सांगून टाकते. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्यात सासूला तसंच म्हणतात. पाचोडकडची विहीर लागोपाठ दुसऱ्या वर्षी आटली, मेंढरं विकली, आणि त्या एक ट्रंक घेऊन आमच्याकडे शहरात आल्या. घराभोवती तेव्हा ज्वारीची रानं होती. बघता बघता त्यांचे प्लॉट पडले, इमारती उठल्या. नळाला पाणी मात्र आठवड्यातून एकदा.

पुढे नवऱ्याचं कारखान्यातलं काम कमी झालं. लेक म्हणाली, वेरूळ-अजिंठा बघायला येणाऱ्यांना खोली दोन-दोन दिवसांसाठी देऊ, आजी थोडे दिवस खाली दिवाणावर झोपेल. आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. "झोपते की. पर पावसाळ्याला मोकळी कर गं माझी खोली." मी हो म्हटलं. तेव्हा ते खरंही होतं.

लेकीने फोटो काढले, तर खोली दवाखान्यासारखी दिसायला लागली. लोकांना घरपण हवं असतं म्हणे. आपलं घर सोडून निघायचं आणि दुसऱ्याच्या खोलीत घर शोधायचं, हे मला आजवर उमगलेलं नाही. आत्याबाईंना मात्र लगेच उमगलं. त्यांनी ट्रंक उघडली. पलंगावर त्यांची घोंगडी, पायथ्याला जुन्या लुगड्यांची गोधडी, दाराला मेंढीच्या गळ्यातली घंटा. खोली अशी सजली की मलाच तिथं जाऊन आडवं व्हावंसं वाटे. ती घंटा कोणत्या मेंढीची, हे त्या प्रत्येक पाहुण्याला सांगत. त्यांना ओ की ठो कळत नसे, पण जाताना सगळे लिहून जात, अगदी घरासारखं वाटलं.

भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं, झाडूवरून. एक पाहुणे सकाळी जाणार, दुसरे दुपारी येणार. मधल्या वेळात चादरी बदला, बादलीभर पाण्यात फरशी पुसा, संडास घासा. माझी कंबर मोडून जायची. आणि आत्याबाई झाडूवर पाय देऊन उभ्या. "आगं, पावणे आत्ता कुठं रिक्षात बसले. त्यंला मुक्कामाला तर पोचू दे. मढं उचलल्यावर असं मागनं झाडत्यात."

"आत्याबाई, ते केरळला चाललेत! परवा झाडू का?"

"तासभर तरी थांब."

तो तास मी कधीच थांबले नाही. त्यांचं लक्ष चुकवून झाडायचे, आणि दुपारी आत्याबाई कोपऱ्यातल्या झाडूकडे बघत बसायच्या.

पाऊस आला. चांगला आला. खोली मोकळी झाली नाही. त्यांनी विचारलं नाही, मीही विषय काढला नाही. गावाकडे भावकीत लग्न निघालं, तेव्हा त्या म्हणाल्या, चार दिवस जाऊन येते. त्याच सकाळी वरचे पाहुणेही गेले होते आणि दुपारी दुसरे यायचे होते. मी आत्याबाईंच्या पाया पडले. नवरा त्यांना बसवर सोडायला घेऊन निघाला. फाटकाची कडी लागली आणि मी झाडू उचलला. वरची खोली, जिना, मग बैठक, त्यांच्या दिवाणाखालूनही. आज कुणी अडवणारं नाही, असं मनात आलं आणि बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, बरंच वाटलं.

दार उघडलं. त्या पानाची चंची विसरल्या होत्या. माझ्या हातात झाडू, पायाशी केराचा ढीग, त्यात त्यांच्या सुपारीची फुटकी खांडं.

त्या रागावल्या असत्या तर मी सावरले असते. त्यांनी उशाखालची चंची घेतली, कमरेला खोचली, केराच्या कडेने पाय टाकत दारापर्यंत गेल्या. "झाड, झाड. पावणे येतील," म्हणाल्या. मी "आत्याबाई" एवढंच म्हटलं. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

चारच्या सुमारास फोन आला. वर नवे पाहुणे त्यांच्या गोधडीवर लोळत होते, दाराची घंटा वाजत होती.

"पोचले गं," आत्याबाई म्हणाल्या. "आता झाड."

"व्हय," मी म्हटलं.

या गोष्टीला तीन पावसाळे झाले. मी बोलावते तेव्हा त्या म्हणतात, येते की, मका निघू दे. मका निघतो, मग तूर असते. आता पाहुणे गेले की मी पायरीवर तासभर बसून राहते. लेक वरून ओरडते, आई, लोक येतील. झाडू शेजारी असतो. मी उचलत नाही.