तीन हाकांची मावशी

मावशी कुणालाही तीनदा हाक मारायची. माणूस हातभर अंतरावर बसलेलं असलं तरी तीनदाच. आमच्याकडे वाटेत एकट्यादुकट्याने हाक ऐकली, तर तिसऱ्या हाकेपर्यंत ओ द्यायची नाही अशी रीत आहे. भूत दोनदाच हाक मारतं, तिसरी त्याला जमत नाही, असं म्हणतात. ही रीत मावशीने घोलवडच्या चिकूच्या वखारीत, भर दुपारी, वीस बायकांच्या गलक्यात पाळायला सुरुवात केली होती. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाली, "आपण माणूस हाय हे आधीच सांगून टाकावं, बाय. मागनं भानगड नको."

मी २०१४ साली त्या वखारीत लागले. बी.ए. होऊन घरी बसले होते, अक्षर बरं होतं, म्हणून शेठनी खोक्यांवर गावांची नावं लिहायला ठेवलं. दिल्ली, जयपूर, लुधियाना. यांतलं एकही गाव मी पाहिलेलं नव्हतं. मावशी चिकू भरायची. ती जवळच्या चिखले गावची, मीही तिथलीच, पण आमची ओळख झाली ती रद्दीमुळे. खोक्याच्या तळाला घालायला डहाणूहून रद्दीचे गठ्ठे यायचे आणि त्यात वर्तमानपत्रांबरोबर फाटकी पुस्तकंही असायची. मावशी सातवी शिकलेली. हाताला येईल ते पान ती आधी वाचायची, मग खोक्यात अंथरायची आणि त्यावर चिकू लावायची. पान जायचं दिल्लीला. पुढची गोष्ट मावशी स्वतःच्या डोक्याने सांगायची.

तिने स्वतः शेपटं लावलेल्या अशा गोष्टींवर आमची वखार चालायची, असं म्हटलं तर मुकादमालाही राग येणार नाही. भुताची गोष्ट लागली की बायकांचे हात मंदावायचे आणि कॉमिकमधली मारामारी लागली की भराभर चालायचे, हे त्याच्या लक्षात आलं होतं. ट्रक लवकर यायचा असेल त्या दिवशी तो येऊन हळूच सांगायचा, "मावशे, आज भूत नको हां." मावशी लगेच भुताला खड्ड्यात ढकलून कुणातरी वीराला घोड्यावर बसवायची.

२०१७च्या जानेवारीत तिचं बोलणं जड व्हायला लागलं. तोंडात जखम झाली होती. चहा गरम लागला असेल, मिश्रीने सोललं असेल, असं म्हणत तिने चार महिने काढले. मुलगा वापीला कंपनीत होता, तो शेवटी डॉक्टरकडे घेऊन गेला. एका सोमवारी कामावर येऊन तिने रजा मागावी तसं सांगितलं, की पुढच्या सोमवारी मुंबईला जायचं आहे, जीभ काढणार आहेत. मग म्हणाली, "इतकी वर्षं तुमाला खोटी शेपटं लावून सांगितली. एक आठवडा हाय. एकदा तरी पुस्तक पयल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवते."

डहाणूला भाड्याने पुस्तकं देणारं एक दुकान बंद होत होतं. मी दुसऱ्या दिवशी तिथून पोतंभर पुस्तकं उचलून आणली. जादूच्या राज्यांच्या कादंबऱ्या, भुताखेताची पुस्तकं, कोपरे झिजलेली कॉमिक्स. मावशी उलट्या क्रेटवर बसली आणि वाचायला लागली. तिच्या वाट्याची खोकी बाकीच्या बायकांनी आपसात वाटून घेतली. हे कुणी ठरवलं नव्हतं. मुकादम दिवसभर वखारीच्या दुसऱ्या टोकालाच काहीतरी शोधत राहिला.

पहिले दोन दिवस जादूची राज्यं झाली. मावशी वाचता वाचता थांबायची आणि शंका काढायची. राजकन्या सात वर्षं झोपली तर उठल्यावर तिच्या केसांतला गुंता कोणी सोडवला? उडत्या गालिच्यावर पाऊस लागत नाही का? कॉमिक्स वाचताना निराळीच अडचण आली. चित्र सांगायचं कसं? ती राक्षसाचा आवाज काढायची, तोंड दुखलं की थांबायची, मग पान उंच धरायची. बायका उठून बघायला यायच्या आणि प्रत्येक पानाच्या कडेला चिकूच्या चिकाचे काळे ठसे उमटायचे. त्या तीन-चार दिवसांत आम्ही जितकं वाचलं, तितकं मी कॉलेजच्या तीन वर्षांत वाचलं नव्हतं.

एक कॉमिक संपल्यावर संगी नावाची माझ्याच वयाची मुलगी म्हणाली, "मावशी, यांचा शेवट बरा नाय. तू सांगितलेलास तो बरा होता." तिने ही गोष्ट आधी मावशीच्या तोंडून ऐकली होती. मावशीने शेवटचं पान पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाली की छापलेलं तेच खरं, आपण काय मधेच घुसायचं. पण तिला बरं वाटलं होतं, ते मला दिसलं.

शुक्रवारी तिने जाडजूड भुताचं पुस्तक काढलं. समुद्रकाठच्या ओसाड बंगल्यातून एका बाईची हाक येते आणि जो ओ देतो तो परत येत नाही, अशी ती गोष्ट. आता तिला दर दोन पानांनंतर गार पाण्याचा घोट लागत होता. तिचे काही शब्द आम्हाला कळत नव्हते, तरी कुणी "काय?" म्हणून विचारलं नाही. शनिवारी संध्याकाळी पंधरा-वीस पानं उरली. तिने खुणेला सुतळीचा तुकडा घातला आणि पुस्तक मला दिलं. शेवट उद्या, म्हणाली.

जमीन ओली होती म्हणून मी ते पुस्तक कोरड्या रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवलं. रविवारी सकाळी ट्रक लवकर आला. धावपळ उडाली, नवीन आलेल्या एका बाईने कागद कुठला घेऊ म्हणून विचारलं आणि मी मान वर न करता म्हटलं, "तो वरचा घे." खोकी भरली, बांधली, त्यांच्यावर मीच ठसठशीत अक्षरांत जयपूर लिहिलं. मावशी दहाला आली तेव्हा जमिनीवर नुसता सुतळीचा तुकडा पडला होता.

मी रडायला लागले. मावशीने मात्र सुतळी उचलून बोटाला गुंडाळली आणि क्रेटवर बसली. तिने शेवट सांगितला. एकेक शब्द तोंडात फिरवून, थांबत थांबत. ती म्हणाली, "ती बाई धरायला हाक मारतच नाय. तिला एवढंच बघायचं असतं, का आपला आवाज अजून कुणाला ऐकू जातो का. लोक घाबरून पळतात नि दर्यात पडतात, त्याला ती काय करणार? मग एक पोरगी येते. ती पयल्याच हाकेला ओ म्हणते. झालं. ती बाई गप झोपते."

संगीने विचारलं, की पण तिसऱ्या हाकेची वाट बघायची ना? मावशी म्हणाली, "तिसरी मारायचं तिच्यात बळ नाय, बाय. दोनच जमतात. म्हणून तर लोक तिला भूत म्हणतात."

तिच्या तोंडून आम्ही ऐकलेली ती शेवटची गोष्ट.

तीन महिन्यांनी ती मुंबईहून परत आली. वखारीत पुन्हा आली नाही. मला पुढल्या वर्षी तलासरीला एका शाळेत कारकुनाची जागा मिळाली, आणि सकाळी जीप पकडायला जाताना तिचं घर वाटेत लागायचं. ती खिडकीशी बसलेली असायची. मला पाहिलं की स्टीलची वाटी गजावर आपटायची. तीनदा, बरोबर तीनदा. मी "ओ मावशी" म्हणून आत जायचे, दोन मिनिटं बसायचे, शाळेतलं काहीबाही सांगायचे. गोष्टी मला तिच्यासारख्या सांगता येत नाहीत. मधेच अडले की ती हाताने खूण करायची, पुढे, पुढे.

२०१९च्या जानेवारीत एका सकाळी वाटी दोनदाच वाजली. मी थांबले. सवयच होती, तिसरीची वाट बघितली. खिडकीतून उन्हामुळे आतलं दिसत नव्हतं. तेवढ्यात जीपवाल्याने हॉर्न दिला आणि मी पळाले. संध्याकाळी जाऊन बसू, असं मनात म्हटलं. संध्याकाळी तिच्या अंगणात माणसं जमली होती. दुपारी गेली, असं तिच्या मुलाने सांगितलं. वाटी अजून खिडकीतच होती.

तिने स्वतः सांगितलं होतं, की दोनच जमतात. वीस बायकांनी ते ऐकलं होतं आणि त्यांत मीही होते. माझ्या हातून तिची पुस्तकाची पानं गेली ती तिने सोडून दिली. ही चूक सोडून द्यायला ती उरली नाही.

आता मला कुणीही हाक मारली की मी पहिल्या हाकेला ओ देते. शाळेत पोरं हसतात, कारण पुष्कळदा हाक दुसऱ्याच कुणाला असते. चिखल्याला त्या घरावरून जाताना खिडकी बंद असते आणि कुणी हाक मारत नाही. मी तरी "ओ मावशी" म्हणते आणि मग जीपकडे जाते.