भट्टीची राखण

आपल्या पायाखाली काय आहे हे जो समाज ओळखतो, त्याचीच प्रगती होते. आमच्या काकीच्या पायाखाली कोबा होता. ओट्याजवळ तो उखडला होता, तिथे पाणी साचायचे, आणि चहा ठेवायला गेलेला माणूस एक पाय ओला करून परत यायचा.

तापीकाठी, प्रकाशापासून थोड्याच अंतरावर आमचे गाव. त्या वर्षी केळीला बरा भाव मिळाला आणि स्वयंपाकघराला टाइल्स बसवायचे काकांनी कबूल केले. नेमके त्याच आठवड्यात सुरतेहून त्यांचे व्याही आले. मोरबीच्या एका टाइल्सच्या कारखान्यात त्यांच्या ओळखीने लहानसा हिस्सा मिळत होता. टाइल्स म्हणजे उद्याचे सोने, असे ते ओसरीवर बसून म्हणाले. सोने हातातून पडले तर काय होते आणि टाइल पडली तर काय होते, असे मी विचारले. माझ्याकडे कोणी पाहिले नाही.

केळीचे पैसे मोरबीला गेले.

“विकत कशाले लेवानी?” काका काकीला म्हणाले. “आपला कारखाना, आपली फरशी.”

“मन्ही फरशी कव्हय येई, ते सांगा.”

“पहिला माल निघना का लगेच.”

आता काकांना ठाऊक असलेला हिस्सा एकच, बटाईचा. शेत आपले, कसणारा दुसरा, आणि पीक खळ्यावर आले की ढीग निम्मा-निम्मा. यात एक नियम कधी मोडायचा नाही. रास पडते त्या दिवशी मालकाने खळ्यावर हजर राहायचे, राशीभोवती राखेची रेघ ओढायची आणि वाटणी होईपर्यंत तिथून हलायचे नाही. काकांनी हा नियम आयुष्यभर पाळला. मोरबीसाठी तो मोडावा असे त्यांना कशाला वाटेल? चार महिन्यांनी, म्हणजे कुठलेही पीक हाताशी यायला पुरेसा वेळ देऊन, ते निघाले. बरोबर गोधडी, तीन दिवसांच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, बॅटरी आणि मी. शिवाय एक प्लास्टिकची पिशवी. तिच्यात काय आहे हे मी सुरत स्टेशनवर विचारले.

“राख,” काका म्हणाले. “तठे मियी ना मियी.” मोरबीत राख मिळेल याची त्यांना खात्री नव्हती.

कारखान्याचा मॅनेजर तरुण आणि नम्र होता. त्याने आम्हाला भट्टी दाखवली. ती रसवंतीच्या घाण्याएवढी असेल असा काकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ती आमच्या गावातल्या पारापासून शाळेपर्यंतच्या अंतराएवढी लांब निघाली. एका तोंडाने कच्च्या टाइल्स रांगेने आत सरकत होत्या, दुसऱ्या तोंडाने भाजून बाहेर येत होत्या.

“माल कधी निघणार?” काकांनी विचारले.

“निघतोच आहे ना, काका.”

“आजचा नाही. हंगामाचा.”

“भठ्ठी बंद न थाय, काका. रात्रंदिवस चालू. थंड झाली तर परत तापवायलाच किती दिवस जातात.”

“मग रास कधी पडते?”

“रास कसली? खोक्यात भरला की ट्रक घेऊन जातात.”

काकांचा चेहरा उतरला. ज्याला सुगी नाही असे पीक त्यांनी पाहिले नव्हते. मालक बांधावर उभा आणि समोरून गाड्या भरून चालल्या आहेत, असे दृश्य त्यांना फक्त वाईट स्वप्नात पडत असे. त्यांनी खुर्ची मागवली आणि भट्टीच्या तोंडाशी मांडली. दोन दिवस ते तिथे बसून होते. टाइल डावीकडून आली की मान डावीकडे, उजवीकडे गेली की मान उजवीकडे. मी हिश्श्याच्या कागदातले कलम समजावून सांगितले: नफा वर्षाअखेरीस, हिशेब झाल्यावर.

“तोवर राखतं कोण?” ते म्हणाले आणि मान उजवीकडे नेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी रचून ठेवलेल्या खोक्यांभोवती राखेची रेघ ओढली. कामगार थांबून पाहू लागले. मग एक उचलगाडी आली, रेघेवरून गेली आणि खोकी घेऊन निघून गेली. काका तिच्यामागून काही पावले धावले.

संध्याकाळी मॅनेजरने स्वतःच टेम्पो बोलावून त्यात टाइल्सची खोकी चढवली. “हा तुमचा वाटा समजा, काका,” तो म्हणाला, “आणि घरी जाऊन मानेला शेक द्या.” त्या आवाजात आदर होता, तसा थकवाही होता.

टेम्पो गावात आला तेव्हा नारळ फोडला गेला. ज्यांना टाइल्सशी काही घेणे नव्हते तेही पाहायला जमले. काकांनी ओसरीवर उभे राहून उद्योग आणि शेती यांच्याबद्दल चार शब्द सांगितले. मान वाकडी असल्यामुळे ते सगळे शब्द शेजाऱ्यांच्या घराला उद्देशून गेले. काकीने स्वयंपाकघरातले सगळे डबे आधीच पडवीत आणून ठेवले होते, आणि मिस्तरीही बोलावला होता.

मिस्तरीने पहिले खोके उघडले. टाइल चकचकीत होती, तिच्यावर द्राक्षांचा घड आणि वाफाळता कॉफीचा कप. त्याने ती उलटी केली, बोटाने वाजवली.

“काका, ह्या भिंतन्या शेतस. खाले लावात ते फुटतीन.”

काकांनी फोन लावला. मॅनेजर म्हणाला, “आपण फक्त भिंतीच्याच बनवतो, काका. पहिल्यापासून.”

काकीने पडवीतल्या डब्यांकडे पाहिले, मग काकांकडे. “दोन रोज तठे बसीसन तुम्ही काय देखं?” एवढेच ती म्हणाली. त्या महिन्याची भिशी तिने उचलली, मिस्तरीला बरोबर घेऊन शहाद्याला गेली आणि दुकानातून साध्या, खडबडीत, करड्या टाइल्स आणल्या. चार दिवसांत फरशी झाली. तिच्यावर पाणी साचत नाही.

मोरबीचा वाटा गोठ्याच्या एका भिंतीला लावला आहे, खालपासून वरपर्यंत. पाहुणे आले की काका त्यांना आधी तिकडे नेतात आणि आपल्या कारखान्याचा माल दाखवतात. म्हशी त्या भिंतीकडे पाठ करून बसतात.