आमच्या गल्लीचं शून्य क्लोरीन

हसणार असाल तर आधी कप खाली ठेवा, चहा अंगावर सांडेल. माझी पाण्याच्या तक्त्याची फजिती मीच सांगतो, बायको दुप्पट वाढवून सांगेल.

माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. चित्रकलेचा मास्तर होतो, रिटायर झालो, पण तंद्री काही रिटायर झाली नाही. सकाळी नळ आला की बादली भरून वाहायला लागते आणि मी बघत बसतो. हे पाणी रात्रभर जमिनीखालून चालत आलं, वाटेत कुणाकुणाच्या उशाखालून गेलं असेल, असं काहीबाही मनात येतं. मग आतून हिची हाक येते.

तर आमची गौरी इचलकरंजीला दिलेली. सातवा लागला, पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तिला आणायचं ठरलं. मी तर मनात पाळणाही टांगला होता! पण तिच्या सासूबाई खमक्या, गावाकडं असताना पाणी समितीत काम केलेल्या. फोनवर म्हणाल्या, "पावणं, तुमच्याकडं पाणी कसं हाय? पोरगीला जुलाब लागलं तर कुणी निस्तरायचं?"

झालं! कोल्हापूरच्या माणसाला पाण्यावरून बोलायचं? तडक वॉर्ड ऑफिसात गेलो. तिथं फळ्यावर पाणी तपासणीचा तक्ता लावलेला असतो. गल्लीचं नाव, तारीख आणि पुढं 'अवशेष क्लोरीन' असा रकाना. बाकी सगळ्या गल्ल्यांपुढं काही ना काही आकडा. आमच्या गल्लीपुढं चक्क शून्य!

मला भरूनच आलं हो. सगळ्यांच्या पाण्यात औषध, आमचं तेवढं निर्मळ! तिथंच उभ्या उभ्या मला डोंगरातला झरा दिसला, काठावर रांगणारं नातवंड दिसलं. फोटो काढला, गल्लीच्या ग्रुपवर टाकला, विहीणबाईंना पाठवला. खाली लिहिलं, 'आम्हाला औषधाची गरजच नाही.'

दोन मिनिटांत त्यांचा फोन. आवाज शांत होता, तेच वाईट.

"पावणं, पाण्यात टाकलेलं औषध नळापतोर थोडं तरी शिल्लक राहायला लागतंय. शून्य म्हंजे वाटंत जंतू शिरलं तर मारणारं कुणी न्हाय. गौरीला मी पाठवत न्हाय."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पोरीनं माहेरी यायचं नाही, ते पण आमच्या पाण्यापायी?

मग राग आला. ग्रुपवर ज्यांना अभिमानानं सांगितलं, त्यांनाच आता घाबरवत सुटलो. घरोघरी गॅसवर पातेली चढली. दुसऱ्या दिवशी सात-आठ जणांना घेऊन ऑफिसवर धडकलो आणि लांबलचक भाषण ठोकलं. साहेबांनी ते शांतपणे ऐकलं, रजिस्टर उघडलं आणि त्या शून्यावर बोट ठेवलं. नमुना ज्या घरचा होता, ते घर माझं. पुढं सहीसुद्धा माझीच!

नमुने गोळा करणाऱ्या शोभाताईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, "मास्तर, नळ तुमचा मागल्या अंगणात, म्हणून बाटली तुमच्या हातात दिली. भरून आणल्यावर इचारलं बी, नळाचंच हाय न्हवं? तुम्ही व्हय म्हणाला की."

आणि मला लख्ख आठवलं. अहो, दारात आलेल्या माणसाला नळाचं पाणी द्यायची पद्धत आहे का आपल्यात? मी आपला तंद्रीत माठातलं, वाळा घालून दोन दिवस गार केलेलं पाणी बाटलीत भरून दिलं होतं. नळाचंच, पण औषध केव्हाच उडून गेलेलं. मागं वळून बघतो तर गल्लीतली मंडळी एकेक करून सटकलेली.

दुसऱ्या सकाळी नळ आल्यावर शोभाताई स्वतः अंगणात गेल्या. काचेच्या नळीत पाणी घेतलं, तपासणीचे थेंब टाकले; क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं, म्हणाल्या. पाणी हळूहळू पिवळसर झालं, कोवळ्या उन्हासारखं. इतका सुंदर पिवळा मी उभ्या जन्मात कागदावर उतरवला नव्हता.

विहीणबाईंना फोन करून सगळं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "रविवारी पाठवते पोरगीला. पाणी चांगलं हाय तुमचं. फकस्त तिला प्यायला द्यायचं ते आमच्या इनबाईंनी, तुमच्या मंडळींनी. तुम्ही तांब्याला हात लावायचा न्हाय."