उडीची जागा

झाशीच्या किल्ल्यावरचे ते वयस्क गाईड गाईडच्या परवान्यासाठीच्या माझ्या ऑनलाइन प्रशिक्षणात कॅमेरा छताकडे करून बसत आणि दर वाक्याला "जी, सर" म्हणत. राणीसाहेबांनी घोड्यासह तटावरून उडी घेतली ती जागा पर्यटकांना दाखवताना मात्र ते आधी चपला काढत.

"पुरावा नाही. 'असं म्हणतात' असं सांगा, नाहीतर परवाना मिळणार नाही," मी बजावलं.

"सर, घरच्या माणसाबद्दल असं बोलतात काय?"

परीक्षेत त्यांनी मी शिकवलं तसंच सांगितलं. परवाना मिळाला.

परवा पाहुण्यांना घेऊन किल्ल्यावर गेलो, तर ते गाईड त्या जागेवर थांबलेच नाहीत. पाहुण्यांनी विचारलं, तेव्हा एवढंच म्हणाले, "वो सर बताएँगे."

खरं सांगतो, लहानपणापासून माझाही त्या उडीवर विश्वास आहे. तेवढं त्यांच्यासमोर कबूल करायला माझी जीभ रेटली नाही.