फुलाबाईच्या हातचं

फुलाबाईनं दिलेला शिरा भागीबाईनं तोंडाला लावला नाही. ताटली घेऊन ती मागच्या दारी गेली आणि गटाराकडेला पडून असणाऱ्या तांबड्या कुत्र्यापुढं तिनं तो सगळा पालथा केला. कुत्र्यानं चाटूनपुसून खाल्ला. भागीबाई दाराआड उभी राहून बघत राहिली. कुत्रं उठलं, अंग झाडलं आणि शेपूट हलवत तिच्याकडंच बघायला लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळीही ते ठणठणीत होतं, शिऱ्याच्या आशेनं दारातच बसलं होतं.

दुसऱ्या कुणाचा संशय तिथंच फिटला असता. भागीबाईचा उलट वाढला. जे काही घातलं असेल ते माणसालाच लागू पडणारं असणार, मुक्या जनावराला ते कशाला बाधेल, असं तिनं मनाशी धरलं.

ही गोष्ट सन दोन हजारच्या आसपासची. सातपूरच्या कारखान्यांमागं पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ होती. त्यातल्या एका खोलीत भागीबाई आणि तिचा नवरा केरू राहायचे. दोघंही पेठकडच्या डोंगरातले. केरूला एका वर्कशॉपात लेथवर काम मिळालं, तेव्हा नवी नवरी घेऊन तो शहरात आला. शेजारी फुलाबाई. ती नांदगावची, पन्नाशीकडं झुकलेली, मोठ्या आवाजाची आणि सढळ हाताची. पहिल्याच दिवशी तिनं भागीबाईला नळाच्या वेळा सांगितल्या, रेशनच्या दुकानात ओळख करून दिली, आणि चपाती लाटायला शिकवली.

चपाती शिकणं भागच होतं. माहेरी भागीबाईनं नागलीची, म्हणजे नाचणीची भाकर, भात आणि उडदाच्या डाळीचं घट्ट भुजं खाऊन दिवस काढले होते. गहू तिकडं सणावारीच दिसायचा, तोही जेमतेम. इथं रेशनवर गहू मिळायचा, आणि केरूला डब्यात चपातीच हवी असायची.

"काळी भाकर काढली की कामावरची पोरं हसतात," तो म्हणायचा. "आपण काय अजून डोंगरात हावोत का?"

मग घरात दोन्ही वेळा चपात्या व्हायला लागल्या.

पहिल्या वर्षभरातच भागीबाईचं पोट बिघडलं. जेवण झालं की पोट नगाऱ्यासारखं फुगायचं, कळा यायच्या, परसाकडं पळावं लागायचं. तोंड येऊन येऊन जीभ लालभडक झाली. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. दोनदा दिवस गेले, दोन्ही वेळा टिकले नाहीत. दवाखान्यातून जंताच्या गोळ्या आणल्या, लोहाचं औषध आणलं, कोणी क्षयाची शंका काढली म्हणून छातीचा फोटो काढला. त्यात काही निघालं नाही.

भाताच्या लावणीला मात्र ती माहेरी गेली की चमत्कार व्हायचा. पंधरा-वीस दिवसांत पोट गप्प व्हायचं, भूक लागायची, गुडघाभर चिखलात दिवसभर उभं राहायची ताकद यायची. सातपूरला परतली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

केरूला यात वेगळाच वास यायचा. "गावाला गेली का बरी, घरी आली का आजारी. तुला माझ्याकडं राहायचंच नाय, असं सरळ सांग ना."

भागीबाई रडायची. आई म्हणायची शहराचं पाणी वाईट. गावच्या भगतानं तांदळाचे दाणे टाकून बराच वेळ बघितलं आणि एकच विचारलं, "कोणाच्या हातचं खातीस?"

परतताना एसटीत ती त्या एका प्रश्नावरच विचार करत होती. दुसऱ्याच्या हातचं म्हणजे फुलाबाईच्या. रव्याचे लाडू तिचे, शेवयांची खीर तिची, "किती वाळलीस गं पोरी" म्हणत आणलेला तुपातला शिरा तिचाच. आणि नीट आठवलं तर ते खाल्लं त्या त्या रात्री पोट हमखास बिघडलं होतं. मग आणखी एक गोष्ट आठवली. ही खोली आधी फुलाबाईच्या भावाला हवी होती. मालकानं ती केरूला दिली, तेव्हा फुलाबाई ओळीतल्या बायकांपुढं दोन दिवस कुरकुरली होती.

कोडं सुटल्यासारखं वाटलं. आपण आजारी पडून गावाला गेलो की खोली रिकामी. यासाठीच हा लाडूंचा मारा!

तेव्हापासून फुलाबाईच्या घरून आलेलं सगळं कुत्र्याच्या पोटात जायला लागलं. तरी भागीबाईला बरं वाटेना. मग तिला वाटलं, बाई आपल्या पिठात काही मिसळत असेल, दोघींचे डबे एकाच गिरणीत शेजारी शेजारी असतात. तिनं गिरणी बदलली. उन्हात लांबवर डबा डोक्यावर घेऊन जायला लागली. हंड्यावर फडकं बांधलं. नळावर जातानाही खोलीला कुलूप घालायला लागली. फुलाबाई दारात दिसली की घाईघाईनं मिठाची बरणी झाकायची. जेवढी राखण वाढली तेवढं दुखणंही वाढत गेलं. शेवटी ती केरूच्या हातचा चहासुद्धा आधी त्याला प्यायला लावून मग प्यायची.

हे सगळं एक दिवस नळावर फुटलं. फुलाबाईनं सहज विचारलं, "काल लाडू दिले ते खाल्लेस का गं? डिंक घातलाय त्यात."

"डिंकच घातला का आणखी काय?" भागीबाईचा आवाज चिरकला. "तुमच्या भावाला खोली पायजे ना? घ्या खोली! पण माझी दोन लेकरं खाल्लीत ती भरून द्या!"

नळावरच्या सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. फुलाबाईचा चेहरा राखेसारखा झाला. तिची घागर भरून वाहत होती, तिकडंही तिचं लक्ष नव्हतं. एरवी दहा घरांत ऐकू जाणारी ती बाई एक अक्षर न बोलता घागर उचलून निघून गेली. त्यानंतर दोन्ही दारांमधला व्यवहार बंद झाला. ओळीतल्या बायकाही भागीबाईच्या ताटात काही वाढायला कचरायला लागल्या. उद्या आपल्यावर आळ यायचा.

पुढच्या उन्हाळ्यात भागीबाई नळावरच कोसळली. केरू पहिल्या पाळीला गेला होता. बायका घोळका करून उभ्या राहिल्या, पण हात कोणी लावेना. फुलाबाई आली, तिनं पदर खोचला, भागीबाईला उचलून रिक्षात घातलं आणि मांडीवर तिचं डोकं घेऊन दवाखाना गाठला.

तिथं ज्योत्स्ना नावाची तरुण डॉक्टरीण होती. रक्त तपासलं तर अंगात रक्तच नव्हतं म्हणायची वेळ. सलाईन लागलं, रक्ताची बाटली लागली. संध्याकाळी भागीबाई जरा शुद्धीवर आली. डॉक्टरीण एकटी आहे असं बघून तिनं तिचा हात धरला.

"बाई, मला कोणीतरी खाण्यातून कायतरी घालतंय. पोलिसांना सांगू नका, ते आधी नवऱ्यालाच धरून मारतील. पण खरं हाय."

डॉक्टरीण हसली नाही. स्टूल ओढून बसली. "कोणाचं खाल्लं की त्रास होतो?"

"शेजारणीचं. लाडू, शिरा, शेवया."

"आता तिचं खाता?"

"वर्ष झालं, बंद केलंय."

"मग आता बरं वाटतं?"

भागीबाई अडखळली. "नाय. पण गावाला वाटतं."

"गावाला काय खाता?"

"नागली. भात. भाज्या."

"आणि इथं?"

"चपाती."

डॉक्टरणीनं ते कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाली, "लाडू रव्याचे ना? शिराही रव्याचाच. शेवया गव्हाच्या. आणि चपाती तुमच्या स्वतःच्या हातची."

तिनं रक्ताचा नमुना मुंबईला पाठवला, मोठ्या डॉक्टरांकडून तोंडातून नळी घालून आतड्याचा बारीकसा तुकडा काढवला. निकाल यायला बरेच दिवस गेले. गव्हातलं एक सत्त्व भागीबाईच्या आतड्याला सोसत नव्हतं. ते पोटात गेलं की आतड्याचं आतलं अस्तर झिजायचं, मग खाल्लेलं अंगी लागेना, रक्त भरेना. दिवस टिकले नाहीत, त्यालाही हे कारण असू शकतं, असं डॉक्टरीण म्हणाली. औषध एकच, गहू कायमचा बंद. रवा, मैदा, बिस्किट, पाव, सगळं. बाजारच्या हिंगातसुद्धा पीठ असतं, तेही बघून घ्यायचं.

भागीबाईचा विश्वास बसला नाही. सगळं जग चपाती खातं, तिलाच कशी बाधेल? बाहेरच्या बाकावर फुलाबाई बसलेली तिनं पाहिली होती. तिनंच या डॉक्टरणीला पढवलं नसेल कशावरून? केरूही म्हणाला, "चपातीनं कोणी आजारी पडतं व्हय?"

तरी पण पाहायला काय जातंय म्हणून तिनं गहू सोडला. गावाहून नागली आणि तांदूळ आणले. गिरणीत गव्हाचं पीठ मिसळतं म्हणून केरूनं जुनं जातं मिळवून दिलं. महिन्याभरात पोट शांत झालं. पावसाळा संपेपर्यंत बांगड्या पुन्हा मनगटाजवळच ठरायला लागल्या. मनातली अढी मात्र जाईना. एक दिवस केरू कामावर असताना तिनं दार लावलं, स्वतः पीठ मळलं, दोन चपात्या भाजल्या आणि खाल्ल्या. कोणाचा हात नाही, कोणाची नजर नाही. रात्र व्हायच्या आत तिला कळायचं ते कळलं.

दुसऱ्या दिवशी ती फुलाबाईच्या दारात जाऊन उभी राहिली. फुलाबाई मेथी निवडत होती.

"मावशी, माझं चुकलं."

फुलाबाईनं मान वर केली नाही. "नुसती चुकली नाहीस. लेकरं खाल्लीस म्हणालीस मला. चारचौघींत."

"गव्हानं होत होतं. डॉक्टरीण म्हणाली."

"मलाबी सांगितलं तिनं. म्हणजे मी दिलेल्यानंच होत होतं ना? तेवढं तरी तुझं खरं निघालं." मेथीची जुडी तिनं बाजूला ठेवली. "जा बाई. माझ्या मनात काही नाही. पण माझ्या हातचं तू आता कधी खाऊ नकोस. गहू असो नाहीतर नसो. मला झोप लागणार नाही."

भागीबाई दारातूनच घरी परतली. त्या दिवशी तिनं केरूच्या डब्यात नागलीची भाकर भरली, आणि तो काही म्हणायच्या आत सांगून टाकलं, "हसू द्या त्यांना." घरात गहू आणणं तिनं बंदच केलं.

गहू सोडल्यापासून दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तिला मुलगी झाली. आख्खी ओळ बाळाला बघायला येऊन गेली. फुलाबाई सगळ्यात शेवटी आली. उंबऱ्याबाहेरच थांबून तिनं पिशवी उघडून दाखवली. आत पिवळं झबलं आणि टोपडं होतं.

"खायचं काही आणलं नाही हो," ती म्हणाली.

"आत या ना मावशी."

फुलाबाईनं चपला काढल्या, हात धुतले, पदराला नीट पुसले. मग भिंतीला टेकून बसली आणि बाळासाठी मांडी पुढं केली.